ठिगळ आणि टापटीप

“पर्यावरणासाठी कपडे कमी घ्या, जुनेच वापरा,” हा उपदेश आता सर्वत्र ऐकू येतो. तो ऐकून आपल्या वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते, हे स्वाभाविकच आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायाने चांडाळांना प्रेतावरची वस्त्रे नेमून दिली. ज्यांच्या वाट्याला दुसऱ्याचे उतरलेले कपडे आले, त्यांनी आता टापटीपही सोडावी काय?

मुळीच नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना जातीची खूण सांगणारा पेहराव व दागिने टाकायला सांगितले. कपड्याला ठिगळ असले तरी चालेल, पण तो स्वच्छ हवा, असेही बजावले. म्हणजे लाज ठिगळाची नाही, लादलेल्या खुणेची आहे.

विनयपिटकात राजा उदयन स्थविर आनंदांना विचारतो, “पाचशे चीवरांचे काय करणार?” आनंद सांगतात, चीवरे फाटलेल्या भिक्खूंना वाटू. जुन्या चीवरांची आच्छादने, मग गादीच्या खोळी, मग जमिनीवरची अंथरुणे, पायपुसणी, फडकी. शेवटी तुकडे करून चिखलात कालवू व जमीन लिंपू. काहीच वाया जात नाही आणि कोणाचा मानही जात नाही.

एका सुती शर्टामागे कापसापासून सरासरी सुमारे २,५०० लिटर पाणी लागते. रावेतच्या बंधाऱ्यावरून शहराला पाणी पुरते, त्या आपल्याला त्याचे मोल सांगायला नको. म्हणून बंधुभगिनींनो, कपडा चांगला घ्या, शोभेल असा शिवा, पुष्कळ दिवस वापरा. दुसऱ्याला द्यायचा तर धुऊन, शिवून द्या. आपण जो अंगावर घालणार नाही, त्याचे पायपुसणे करा. दान करू नका.