पाच किलोंचा दगड

तामसीत एक कापसाचा शेतकरी होता. बोधकथेतल्या माणसांना बहुधा नावं नसतात, म्हणून त्याला आपण त्याच्या लेकरांसारखं बाबा म्हणू. आदिलाबाद जिल्ह्यातलं हे गाव. उत्तरेला पैनगंगा, ती ओलांडली की यवतमाळ. या पट्ट्यानं निजामाचं राज्य पाहिलं, 1956 साली आंध्र प्रदेश पाहिला, 2 जून 2014 पासून तो तेलंगण पाहतो आहे. शाळेत तेलुगू, बाजारात उर्दू, तांड्यावर बंजारा, गुड्यांवर गोंडी आणि घराघरांत मराठी, असं इथलं चालतं. बाबांचं घरही तसंच. रविवारी आदिलाबादच्या मंडळीत ‘आंध्र क्रैस्तव कीर्तनलु’ हातात, आणि रोज रात्री घरी कुटुंबप्रार्थनेला ‘उपासना संगीत’. दोन्ही पुस्तकांचे पुठ्ठे बाबांनी पिठाच्या खळीनं स्वतः चिकटवलेले होते.

आठ एकर काळी जमीन होती. दोन लेकरं होती, थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी. बाबा जेवणाआधी प्रार्थना करायचे तेव्हा पाऊस, बैल, शेजारी, दवाखान्यात पडलेला कुणीतरी, परीक्षेला बसलेलं कुणीतरी, सगळे एकेक करून येऊन जायचे. भाकरी निवायची. आई डोळे मिटूनच हळूच खाकरायची. मग बाबा ‘आमेन’ म्हणायचे, आणि पहिला तुकडा तोडून मुलीच्या ताटात ठेवायचे. बाजाराच्या दिवशी सायकलच्या हँडलला गोडीशेवेचा पुडा लटकलेला असायचा. लेकरं वेशीपर्यंत धावत जायची. बापाची आठवण म्हणून त्या दोघांनी मोठेपणी पहिल्यांदा सांगितलं ते हेच.

पण गावाला बाबा आठवतात ते त्यांच्या दगडापायी.

कापूस वेचणाऱ्या बायांना मजुरी किलोवर मिळते. दिवसभर ओटी भरायची, गाठोडं बांधायचं, आणि दिवस मावळताना बांधावर काटा टांगला की ज्याचं त्याचं वजन. काटा ज्याच्या हातात, बोली त्याचीच. दिवसभर पऱ्हाटीत वाकलेल्या बाईला आकडा नीट दिसतही नाही, आणि दिसला तरी तिचं ऐकतो कोण? बाबांनी पैनगंगेच्या पात्रातून एक गोटा आणला होता. आदिलाबादच्या मार्केट यार्डात तो तोलून पाहिला, तर थोडा कमी भरला. त्यांनी त्याला लोखंडी तारेचे वेढे घातले, एकेक वेढा वाढवत नेला, आणि काटा बरोबर पाचावर आला तेव्हा तार पिळून टाकली. रोज संध्याकाळी पहिलं गाठोडं काट्याला लागायच्या आधी हा दगड लागायचा. बाया समोर उभ्या असायच्या. पाच दिसले की मग मापं सुरू. मजुरी त्याच संध्याकाळी, रोख. सकाळी मात्र दहिवर सुकल्याशिवाय बाबा कुणाला बोंडाला हात लावू द्यायचे नाहीत. ओला कापूस वजनाला जास्त भरतो, आणि घेणाऱ्याला पाणी का विकायचं, असं त्यांचं म्हणणं.

हे सगळं त्यांनी कुठून घेतलं? लेवीय पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायातून. एरवी त्या पुस्तकाकडे माणसं फारशी वळत नाहीत, यज्ञांचे आणि शुद्धीचे नियम म्हणून पानं उलटतात. पण तो एकच अध्याय उघडून पाहावा. नवव्या-दहाव्या वचनात शेताचे कोपरे आणि सरवा गरिबासाठी सोडायला सांगितलं आहे. तेराव्यात मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याकडे ठेवू नये असं आहे. शेवटी पस्तिसाव्या-छत्तिसाव्यात खरी तागडी आणि खरी वजनं आहेत. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची जी आज्ञा प्रभू येशूनं मोठ्या दोन आज्ञांमध्ये धरली, ती याच अध्यायाच्या अठराव्या वचनात, मजुरी आणि वजनांच्या मधोमध आहे. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. प्रीतीची आज्ञा तिथे शेताच्या, मजुरीच्या आणि तागडीच्या नियमांत बसवली आहे. बाबांना भाषण येत नव्हतं. त्यांना हा अध्याय येत होता.

एका उन्हाळ्यात बाबा प्रभूकडे गेले. मुलीचं लग्न झालं होतं, ती किनवट तालुक्यात शाळेत गणित शिकवत होती. शेत मुलानं हाती घेतलं. मुलगा चांगला होता, हे आधीच सांगायला हवं. त्यानं कुटुंबप्रार्थना मोडली नाही, रविवारी शेताला सुट्टी ठेवली, मजुरी रोजच्या रोज दिली. पहिल्या वेच्याला त्यानं उपकारस्तुतीच्या उपासनेसाठी दशमांशाचं पाकीट वेगळं काढलं आणि पवित्र शास्त्रात ठेवलं. त्यात अडीच हजार रुपये होते. बाबांचा जुना काटा गंजून मोडला होता, म्हणून त्यानं हुकाचा डिजिटल काटा विकत आणला. लाल आकडे लांबून दिसायचे. आता कुणाला शंका यायला नको, असं त्याला मनापासून वाटलं. दगड गोठ्याच्या दाराला अडसर म्हणून लागला.

सहा दिवस वेचणी झाली. नऊ बाया होत्या, काही गावच्या, काही नदीपलीकडच्या. उपकारस्तुतीच्या आदल्या शुक्रवारी एक म्हातारी वेचायला आली. बाबांच्या वेळेपासूनची ती. आठवडाभर तापानं पडून होती. संध्याकाळी सगळ्या बाया काट्यापाशी आल्या, तिनं आपलं गाठोडं खाली ठेवलं आणि मुलाकडे पाहिलं.

“बाबू, दगड कुठं हाय?”

“मावशी, हा काटा डिजिटल हाय. याला दगड लागत नाही.”

“तुह्या बापाचा काटाबी चांगला होता. तरी तो पहिलं दगड टांगे, मंग गाठोडं.”

तिच्या बोलण्यात आरोप नव्हता. जेवणाआधी हात धुवायची आठवण करून द्यावी, तसं ती बोलली. मुलगा गोठ्यातून दगड घेऊन आला. तारेत हुक अडकवला आणि हात सोडला. लाल आकडे हलले आणि थांबले. साडेचार.

त्यानं काटा बंद करून पुन्हा सुरू केला. साडेचार. दगड उलटा टांगला. साडेचार. दगड झिजला असेल म्हणून तो दुकानातून सीलबंद साखरेच्या एक-एक किलोच्या पाच पुड्या घेऊन आला, त्या पिशवीत घालून टांगल्या. पिशवीचं वजन धरूनसुद्धा आकडा साडेचाराच्या जरासाच वर गेला. काटा किलोमागे शंभर ग्रॅम खात होता.

नदीपलीकडची एक तरुण बाई तेव्हा हळूच म्हणाली, “मले वाटेच. गाठोडं डोक्यावर जड लागे अन् काट्यावर हलकं.” सहा दिवस ती हे कुणाला बोलली नव्हती.

इथे मुलापुढे दोन वाटा होत्या, आणि दोन्ही सरळ दिसणाऱ्या. पहिली अशी, की फसवलं त्याला, त्यानं कुणाला फसवलं नाही. उद्यापासून नीट काटा आणावा, झालं ते झालं. त्याच्या जागी दहातली नऊ माणसं हेच म्हणतील, आणि कुणी त्यांना खोटं म्हणणार नाही. दुसरी अशी, की कमी दिलेलं मोजून परत करावं. त्यानं त्या संध्याकाळची मापं शेजाऱ्याच्या काट्यावर दगड लावून केली, पैसे दिले आणि घरी आला.

बहीण उपकारस्तुतीसाठी त्याच दिवशी माहेरी आली होती. रात्री त्यानं वही काढली. सहा दिवसांचं सगळं वजन मिळून अठराशे नव्वद किलो. किलोला दहा रुपये मजुरी. “दहावा भाग कमी भरला,” तो म्हणाला, “म्हणजे एकशे एकोणनव्वद किलो. अठराशे नव्वद रुपये.”

बहिणीनं वही आपल्याकडे ओढली. “नाही दादा. पाचाचे साडेचार दिसतात. म्हणजे काट्यावर नऊ दिसले तेव्हा बाईनं दहा दिले होते. दहावा भाग नाही, दर नवामागे एक धर.” तिनं भागाकार केला. दोनशे दहा किलो. एकवीसशे रुपये.

दोनशे दहा रुपयांचा फरक. सोप्या हिशोबानं परतफेड केली असती, तरी बायांचं एकवीस किलोचं वेचणं बुडालंच असतं. चांगलं करायला निघालेला माणूससुद्धा आपल्या बाजूनं थोडं कापून ठेवतो, आणि त्याला ते कळतही नाही. म्हणून शेजारी कुणीतरी आकडेमोड जाणणारं हवं.

मुलगा बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “म्हणजे मी देवाला दशमांश काढून ठेवला, आणि तिकडे बायांचा दशमांश घेत होतो.”

पैशाचा प्रश्न उरलाच होता. कापूस यार्डात गेला होता, पण त्याचे पैसे अजून खात्यात आले नव्हते. घरात रोख होती ती पाकिटातली. मुलाचा हात तिकडे जाईना. देवाच्या नावानं काढलेलं मोडायचं कसं? आई इतका वेळ भिंतीला टेकून ऐकत होती. ती म्हणाली, “तुह्या बाबांनी मत्तयाचा पाचवा अध्याय किती वेळा वाचला या घरात? दान वेदीपाशी ठेव अन् आधी जाऊन माणसाशी समेट कर, मंग ये. पाकीट उघड.”

बाबांची एक आवडती हकीकत होती, ती त्या रात्री बहिणीला आठवली. लेकरांनी काम अर्धवट टाकलं की ते ती सांगायचे. नारायण वामन टिळकांनी 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पुढे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य लिहायला घेतलं, आणि दहा-अकरा अध्याय झाले तोवर 1919 साली ते गेले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना शाळेचं शिक्षण नव्हतं, तरी त्यांनी ते काव्य पुढे नेलं, साठांहून अधिक अध्याय रचले. 1936 साली त्याही गेल्या. तेव्हा त्यांचा मुलगा देवदत्त यानं शेवटचा अध्याय लिहून पुस्तक पुरं केलं. बाबा एवढंच सांगून थांबायचे आणि अर्धवट टाकलेलं काम लेकरांच्या हातात परत द्यायचे. बहीण म्हणाली, “बाबांचा दगड आपण दाराला लावला, दादा.” ती पुढे काही बोलली नाही.

शनिवारी दोघं भावंडं निघाली. गावातल्या बायांचं सोपं होतं. प्रत्येकीच्या दारात वही उघडायची, रोजचं वजन वाचायचं, खरं वजन सांगायचं, पैसे हातात द्यायचे. एकीनं घेतले नाहीत, म्हणाली, “तुम्ही थोडीच मुद्दाम केलं?” बहिणीनं तिला बसवून भागाकार समजावला, तेव्हा तिनं घेतले. एक पोर तीनच दिवस आली होती आणि मग नदीपलीकडे आपल्या मामाकडे निघून गेली होती. तिचे एकशे दहा रुपये निघत होते. मोटारसायकलला पेट्रोल त्याहून जास्त लागलं. दुपार टळेपर्यंत घर सापडलं नाही. सापडलं तेव्हा पोर सरकीची ढेप फोडत बसली होती. पैसे पाहून तिला आधी काही कळेना. मग तिनं ते मोजले, आणि आपल्या आईला हाक मारून वही दाखवायला सांगितली. आई वाचू शकत नव्हती. पोरीनं बोट ठेवून स्वतः वाचून दाखवलं.

रविवारी उपकारस्तुतीची उपासना झाली. वेदीपुढे कापसाची बोंडं, ज्वारीची कणसं, भोपळे, कोंबड्या, पाकिटं. ज्याच्या बापानं एकही उपकारस्तुती चुकवली नव्हती, तो मुलगा रिकाम्या हातानं बसला. शेजारच्या बाकावरच्यांनी पाहिलं. दरवर्षी ज्या घराचं पाकीट आधी जायचं, त्या घरातून काहीच गेलं नाही. पाळकांनी उपासनेनंतर विचारलं, तेव्हा त्यानं जे घडलं ते सांगितलं. पाळकांनी त्याचा हात धरला आणि तिथेच प्रार्थना केली. यार्डाचे पैसे आल्यावर दशमांश पुढच्या रविवारी गेला, त्या वेळी मात्र नीट भरलेला.

माझ्या मते त्या वर्षी त्या मंडळीतलं सर्वांत खरं दान त्या रिकाम्या हातांचं होतं. बापाचं पवित्र शास्त्र कपाटात ठेवता येतं, त्याची गाणी पाठ करता येतात, त्याच्या कबरेवर दर वर्षी फुलं घालता येतात, आणि हे सगळं करावंच. पण बाबांचा विश्वास जिवंत होता तो ते आपला काटा रोज लोकांसमोर तपासू देत होते म्हणून. मुलाला तो वारसा मिळाला तो एका म्हातारीनं विचारलेल्या प्रश्नातून, आणि त्यानं त्या प्रश्नाचा राग धरला नाही म्हणून.

ज्या दुकानातून काटा घेतला, तिथे मुलगा पुन्हा गेला. शिक्का नसलेला काटा त्यानं परत केला आणि वैधमापन खात्याचा शिक्का असलेला घेतला. तो काटाही आता दर संध्याकाळी दगडापुढे उभा राहतो. म्हातारी वेचायला येते, तेव्हा दगड तीच टांगते.

यंदाचा वेचा तोंडावर आला आहे. तुमच्या हाती काटा असेल, कापसाचा, धान्याचा, दुधाचा, कसलाही, तर पहिलं माप घेण्याआधी तो ज्यांना पैसे द्यायचे त्यांच्यासमोर एकदा तपासा. कमी निघाला तर मागची वही काढा, हिशोब दुसऱ्या कुणाकडून पडताळून घ्या, आणि पैसे त्यांच्या दारात नेऊन द्या.