बिल मागाहून येतं

क्योटोच्या गिऑन भागातल्या चहागृहात, म्हणजे गेइशांची बैठक जिथे रंगते त्या घरात, पैशाचं नाव निघत नाही. पाहुणा येतो, तातामीवर बसतो, साके येते, शामिसेन वाजते, नाच होतो, थट्टामस्करी होते आणि पाहुणा खिशात हातही न घालता उठून जातो. जेवण बाहेरून मागवलेलं, टॅक्सी मालकिणीने बोलावलेली, गेइशांच्या वेळेचे पैसे द्यायचे ते वेगळेच. हे सगळं मालकीण आधी भागवते आणि हिशेब मागाहून पाहुण्याकडे पाठवते. ओळखीवाचून नव्या माणसाला दार उघडत नाहीत, त्याला लोक गिऑनचा तोरा समजतात. मुळात तो उधारीचा व्यवहार आहे. परक्याला उधार कोण देणार? गेइशेचा वेळ एकेकाळी उदबत्त्यांवर मोजत. मोजणी तेव्हाही काटेकोर होती, फक्त ती पाहुण्याच्या नजरेआड ठेवण्याची कला या घरांनी कमावली होती.

रॉब मार्शलचा 2005 चा ‘मेमॉयर्स ऑफ अ गेइशा’ पाहताना मला सारखं वाटत राहतं, की या सिनेमाने आपल्याला त्याच पाहुण्याच्या जागी बसवलं आहे. निवेदन नायिका सायुरीचं, बालपण तिचं, अश्रू तिचे; पण नजर मात्र समोर साकेचा पेला घेऊन बसलेल्या माणसाची.

सिनेमा देखणा आहे, त्याबद्दल कुरकुर करण्यात अर्थ नाही. छायाचित्रण, कलादिग्दर्शन आणि वेशभूषा अशी तीन ऑस्कर त्याला मिळाली आणि ती रास्त होती. जॉन विल्यम्सच्या संगीतात यो-यो मा यांचा चेलो आणि इझाक पर्लमन यांचं व्हायोलिन आहे. गिऑनची ओली, कंदिलांनी उजळलेली गल्ली बहुतांशी कॅलिफोर्नियात उभारलेली, तरी ती खोटी वाटत नाही. तीन मुख्य जपानी स्त्रिया दोन चिनी आणि एका मलेशियन अभिनेत्रीने इंग्रजीत साकारल्या, त्यावरून जपानमध्ये नाराजी झाली आणि चीनमध्ये तर प्रदर्शनच रद्द झालं. त्या वादात मला फारसा रस नाही. गाँग लीने सायुरीचा हेवा करणाऱ्या हात्सुमोमोला जी धार दिली आहे, ती पाहिल्यावर तिचं पारपत्र कोण तपासत बसणार?

मला खटकतो तो बर्फाचा नाच. रंगमंचावर सायुरी एकटी, निळसर प्रकाश, वरून झरणारा कागदी बर्फ, पायात उंच खडावा, मोकळे केस, आणि शरीर वादळात सापडल्यासारखं पिळवटलेलं. प्रसंग खिळवून ठेवतो, पण तो गिऑनचा नव्हे. तिथे नाच शिकवतं इनोऊए घराणं. त्याच्यावर नोह नाट्याचा आणि बाहुलीनाट्याचा संस्कार आहे: गुडघे वाकलेले, कंबर खाली, चेहरा जवळजवळ निश्चल. जे सांगायचं ते पंख्याच्या कोनातून आणि मानेच्या किंचित वळणातून. बैठकीची लावणी पाहिलेल्याला हे लगेच उमगेल. हाताच्या अंतरावर बसलेल्या रसिकाला एक भुवई पुरते. मार्शलला मात्र शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायचं होतं. शिवाय गिऑनचा जाहीर नाच जन्मला तोही व्यवहारातूनच. राजधानी टोकियोला गेली, क्योटो ओस पडायला लागलं, तेव्हा शहर सावरण्यासाठी प्रदर्शन भरवलं गेलं आणि त्याला जोडून 1872 मध्ये ‘मियाको ओदोरी’ सुरू झाला. आजही तो दर वसंतात होतो.

सिनेमातलं सगळ्यांच्या लक्षात राहणारं दृश्य म्हणजे लहानगी चियो, म्हणजे पुढची सायुरी, शेंदरी कमानींच्या रांगेतून धावते ते. चेअरमन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका धनिकाने बर्फाचा गोळा घेऊन दिलेला, रुमालात गुंडाळून नाणी दिलेली, आणि ती नाणी ती देवाला वाहून टाकते. या कमानी फुशिमी इनारीच्या, खऱ्याखुऱ्या क्योटोतल्या. इनारी हा भाताचा आणि व्यापारउदीमाचा देव. डोंगर चढताना कमानी नुसत्या शेंदरी दिसतात. उतरताना मात्र खांबांवर काळ्या अक्षरांत देणगीदाराचं नाव आणि तारीख. बहुतेक नावं दुकानांची, कंपन्यांची. सिनेमा त्या रांगेचा वापर निरागसतेसाठी करतो, आणि ती सगळी रांग म्हणजे उभी केलेली जमाखर्चाची वही आहे.

सिनेमात कर्ज नाही असं नव्हे. चियो विकली जाते, किमोनो खराब केल्याचे पैसे तिच्या नावावर चढतात, तिच्या कौमार्याची बोली लागते. पण तिथे कर्ज हा सावत्र आईचा छळ आहे, एका दुष्ट घराची वाईट सवय. बोली जिंकली जाते आणि कर्ज फिटतं. शेवटी कळतं, की तिला शिकवणाऱ्या गेइशेला, मामेहाला, तिच्याकडे पाठवून तिला घडवणारा चेअरमनच होता. सिनेमा याला प्रेम म्हणतो. रस्त्यात रडणाऱ्या एका पोरीवर प्रौढ धनिकाने केलेली आणि पुढे वसूल झालेली गुंतवणूक, असंही त्याचं वर्णन करता येईल. पण तसं केलं तर व्हायोलिन कुठे वाजवायचं?

जपानी दिग्दर्शक केंजी मिझोगुचीला तो प्रश्न पडला नाही. त्याची सख्खी बहीण घरच्या गरिबीपायी गेइशा म्हणून विकली गेली होती. त्याचा 1936 चा ‘गिऑनच्या बहिणी’ जेमतेम सत्तर मिनिटांचा, कृष्णधवल. सुरू होतो तो लिलावाने: दिवाळं निघालेल्या एका व्यापाऱ्याच्या घरातल्या वस्तू एकेक करून विकल्या जात आहेत आणि कॅमेरा आडवा सरकत जातो. थोरली बहीण उमेकिची त्या बुडालेल्या आश्रयदात्याला निष्ठेने घरात घेते. धाकटी ओमोचा थोरलीला बैठकीला नेसायला नवा किमोनो हवा म्हणून कापडदुकानातल्या कारकुनाला नादी लावते आणि त्याला मालकाचं कापड उचलायला लावते. एवढ्या एका कापडातून सगळ्यांचं वाटोळं होतं. थोरलीला तो व्यापारी निरोपही न घेता सोडून जातो, धाकटी जखमी होऊन इस्पितळात पडते. मार्शलच्या सिनेमात किमोनो उलगडतो तेव्हा आपण रंग पाहतो; मिझोगुचीच्या सिनेमात आपण विचारतो, पैसे कोणी दिले?

सतरा वर्षांनी, 1953 मध्ये, त्याने ‘गिऑन बायाशी’त पुन्हा तेच विचारलं. युद्धानंतरची राज्यघटना आलेली आहे, आणि शिकाऊ मुलगी वर्गात विचारते, की गिऱ्हाईक बळजबरी करायला आलं तर हा आमच्या मूलभूत हक्कांचा भंग नाही का? हक्क कागदावर आहेच. पण तिच्या पदार्पणाच्या किमोनोसाठी घेतलेले पैसे मुळात एका गिऱ्हाइकाचेच आहेत, आणि ती नकार देते तेव्हा तिला सांभाळणाऱ्या गेइशेला चहागृहांची दारं बंद होतात. दिग्दर्शक मिकिओ नारुसेने 1956 च्या ‘नागारेरु’मध्ये तर टोकियोतलं गेइशांचं एक घर चक्क मोलकरणीच्या बाजूने दाखवलं. कर्जाचा तगादा कसा येतो, ते स्वयंपाकघरातून नीट दिसतं.

मार्शलचा सिनेमा आर्थर गोल्डनच्या 1997 च्या कादंबरीवर बेतलेला; तिच्यासाठी मुलाखती दिलेल्या गिऑनच्या गेइशा मिनेको इवासाकी यांनी पुढे गोल्डनवर खटला भरला. नाव उघड केलं हा एक आक्षेप, आणि कौमार्याच्या बोलीचा प्रसंग आपल्या आयुष्याशी जोडला जाऊन बदनामी झाली हा दुसरा. 2003 मध्ये न्यायालयाबाहेर तडजोड झाली. त्यांचा राग योग्य होता. पण त्या पाच वर्षांच्या असताना वारस म्हणून एका मातब्बर घरात आल्या होत्या, विकल्या गेल्या नव्हत्या, आणि एकोणतिसाव्या वर्षी वलय शाबूत असताना त्यांनी गिऑन सोडलं. त्यांचं आत्मचरित्र वरच्या मजल्यावरून लिहिलेलं आहे.

खालच्या मजल्यावरचं पुस्तक त्याआधीच, 1957 मध्ये, आलं होतं. त्याची लेखिका सायो मसुदा बाराव्या वर्षी नागानोतल्या सुवाच्या गेइशाघराला विकली गेली. ते गाव गरम पाण्याच्या झऱ्यांचं. तिथे गिऑनचा दबदबा नव्हता. हॉलिवूडने इवासाकींचं रेशीम घेतलं, मसुदासारखीचं बालपण घेतलं आणि दोन्ही एकाच बाईच्या अंगावर चढवलं. मसुदाच्या आयुष्यात मात्र कोणी चेअरमन आला नाही. युद्धानंतर धाकट्या भावाला जगवायला तिने साबण विकले.