नोकरी मागतोस की शाप देतोस?

अरे, हा अर्ज आहे की आक्रोश? 'आय विल इनेव्हिटेबली जॉइन युअर कंपनी!' वाचणाऱ्याला काय वाटेल, कळतंय का? तुमची कंपनी माझ्या कपाळी लिहिलेलीच आहे, आता सुटका नाही! साधं 'सर्टनली' लिहायला हात दुखत होता? जड शब्द दिसला, दिला ठोकून.

शब्दकोशात 'अटळपणे, अपरिहार्यपणे' असं ढळढळीत छापलंय. त्यातून 'नक्की' कुठून काढलंस? 'नक्की येईन' म्हणतोस तेव्हा तुझी यायची इच्छा असते. 'इनेव्हिटेबली'त इच्छेला कोण विचारतो? जे टाळताच येत नाही, तिथंच तो शोभतो.

टायटॅनिकचा सिनेमा पाठ आहे ना तुला? मग ऐक. 14 एप्रिल 1912, रात्री 11.40, हिमनगाची धडक. त्या क्षणापर्यंत जहाज 'इनेव्हिटेबली' बुडणार होतं असं लिहिलंस, तर गुण कापीन. वेग कमी करता आला असता, वाट बदलता आली असती. पण पुढचे चार कप्पे भरले तरी तरंगेल, एवढीच त्याची ताकद. आणि पाणी शिरलं त्याहून जास्त कप्प्यांत. मधल्या भिंती वरपर्यंत नव्हत्याच. जहाजाचं पुढचं टोक खाली गेलं तसं एका कप्प्यातलं पाणी भिंतीवरून पुढच्या कप्प्यात सांडायला लागलं. आराखडा करणारा अँड्र्यूज जहाजावरच होता. त्यानं पाहणी केली आणि कॅप्टनला सांगितलं, हे आता वाचत नाही. इथून पुढं खुशाल लिही, 'द शिप इनेव्हिटेबली सँक'. पहाटे 2.20ला गेलंच ते तळाला.

शब्द 'विल'नंतर, क्रियापदाआधी घातलास, तेवढं जमलंय. 'मस्ट इनेव्हिटेबली' मात्र लिहू नकोस, एकावर एक दोन टोप्या कशाला? पाऊस आला की लोकल 'इनेव्हिटेबली' लेट, असं इंग्रज चिमटा काढत म्हणेल. तो चिमटा अर्जात नको. आणि आपलं ते 'अपरिहार्य कारणास्तव' असतं ना, दिलगिरीचं, तिथं 'अनअव्हॉयडेबली' लागतो. दोघांची गल्लत नको.

स्पेलिंगमध्ये 'बी'च्या पुढं 'ई' घुसडलायस, तोही काढ. जा, नवा अर्ज आण. आणि आज तासाला 'अनअव्हॉयडेबली' उशीर झाला, असं मला सांगू नकोस. कट्ट्यावर बसला होतास, मी पाहिलंय.