उंबऱ्यावरची शिंक

उमरखेडचा माणूस कामासाठी बाहेरगावी निघतो तो रस्त्यानं. तुळजापूर–नागपूर महामार्ग गावाला धरून जातो. दक्षिणेला पैनगंगा ओलांडली की हदगाव आणि पुढे नांदेड, म्हणजे मराठवाडा. उत्तरेला पुसद, आणि महागाव-आर्णी करत यवतमाळ. कचेरीतली तारीख असो, दवाखान्यातली ड्यूटी असो की शाळेचा पहिला तास, सकाळची एसटी चुकली की अर्धा दिवस गेलाच. त्यामुळे पहाटेच्या तासाभरात घरात सगळं एकदम व्हायचं असतं: नळाचं पाणी, आंघोळ, डबा, इस्त्री, लेकराची शाळा. आणि नेमक्या त्याच तासात दूध उतू जातं, लाईन जाते, डब्यातला रस्सा पिशवीत सांडतो, चपलेचा अंगठा तुटतो, गाडीची किल्ली जागेवर नसते. कसंबसं सगळं आवरून एक पाय उंबऱ्याबाहेर पडतो, तोच आतून कुणाची तरी शिंक.

‘थांब न थोडंसं,’ आजी म्हणते, ‘घोटभर पाणी पी अन् मंग जाय.’

या घोटभर पाण्यात एक जुना आणि अवघड प्रश्न दडलेला आहे. निघताना जे बिनसतं ते काही सांगत असतं का? सांगत असेल तर कोण सांगतं, आणि ऐकणाऱ्यानं काय करायचं? विज्ञान शिकलेली माणसं या प्रश्नाला हसून बाजूला सारतात, श्रद्धाळू माणसं तो विचारतच नाहीत. दोघंही त्याच्यावर थोडा अन्याय करतात, कारण भारतीय परंपरेनं त्यावर मनापासून डोकं खाजवलेलं आहे.

वराहमिहिराची ‘बृहत्संहिता’ सहाव्या शतकातली. तिच्यात शकुनांवर अध्यायच्या अध्याय आहेत. कावळा, कुत्रा, कोल्हा, पक्ष्यांची दिशा, आवाज, वेळ असं सगळं बारकाईनं मांडलेलं. पण या सगळ्याच्या आरंभी वराहमिहिर एक गोष्ट स्पष्ट करतो: माणसानं मागच्या जन्मी केलेल्या बऱ्यावाईट कर्माचं फळ पिकत आलेलं असतं, आणि शकुन वाटेनं जाणाऱ्याला त्याची वर्दी देतो. म्हणजे शास्त्राच्या लेखी शकुन हा निरोप्या आहे. तो काही घडवत नाही. मांजर आडवं गेल्यामुळे अपघात होतो असं वराहमिहिर म्हणत नाही. अपघात व्हायचाच असेल तर त्याचं मूळ प्रवाशाच्या स्वतःच्या कर्मात, मांजराच्या पायांत नाही.

हा भेद लहान वाटतो, पण घराघरात जे चालतं ते याच्या नेमकं उलट आहे. घरात शकुनाला कारण मानलं जातं. कोण शिंकलं, कुणी मागून हाक मारली, कुणी ‘कुठं चाललास’ विचारलं, समोर कोण आलं, याचा हिशोब होतो. संध्याकाळी बस बंद पडल्याची बातमी आली की सकाळी शिंकणाऱ्याकडे सगळ्यांच्या नजरा वळतात. ज्या ग्रंथांचं नाव घेऊन हे चालतं, त्यांनाच हा तर्क मान्य नाही.

आता दूध उतू का गेलं, हे पाहायला पंचांग लागत नाही. दूध तापताना त्यातली प्रथिनं आणि स्निग्धांश वर येऊन सायीचा पापुद्रा धरतात, खालची वाफ त्याखाली कोंडते आणि सगळं एकदम वर उसळतं. समोर उभं असलेलं माणूस त्या क्षणाला आच कमी करतं. निघण्याच्या गडबडीत समोर कुणी नसतं, एवढंच. गडबड असते म्हणून बिघाड होतात, आणि प्रवास असतो म्हणून गडबड असते. बिघाड आणि प्रवास यांचं नातं खरं आहे, पण ते पुढून मागे जातं, मागून पुढे येत नाही. शिवाय ज्या दिवशी दूध उतू गेलं आणि काम फत्ते झालं, तो दिवस कुणाच्याही लक्षात राहत नाही.

जुन्या लोकांना ही अडचण कळत नव्हती असं मुळीच नाही. शास्त्रानं घातलेल्या अटी जशाच्या तशा पाळायच्या तर माणसाला घराबाहेर पडणंच मुश्किल. दिशाशूलाचं उदाहरण घ्या. सोमवारी-शनिवारी पूर्वेला जाऊ नये, मंगळवारी-बुधवारी उत्तरेला, गुरुवारी दक्षिणेला, शुक्रवारी-रविवारी पश्चिमेला. उमरखेडच्या नोकरदारानं हे पाळलं तर पुसद-यवतमाळची हजेरी आठवड्यात दोन दिवस बुडेल. म्हणून त्याच परंपरेनं वाटाही काढून ठेवल्या. तोंडात गूळ घालून निघा, दही चाखून निघा. आणि सगळ्यांत देखणी वाट म्हणजे प्रस्थान ठेवणं. मुहूर्त आज आहे आणि निघायचं परवा आहे, तर आपलं एखादं वस्त्र, सुपारी किंवा नारळ आजच्या मुहूर्तावर जायच्या दिशेच्या एखाद्या घरी नेऊन ठेवायचा. प्रवास सुरू झाला असं धरायचं, आणि आपण मात्र सावकाश, सोयीनं निघायचं.

हे कुणाला पळवाट वाटेल. नीट पाहिलं तर त्यात मोठी समज आहे. माणूस शरीरानं निघण्याआधी मनानं निघतो, आणि त्या मधल्या काळाला एक जागा हवी असते. आषाढीची वारीसुद्धा अशीच निघते. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला देवळातून प्रस्थान ठेवते आणि त्या रात्री आळंदीतच आजोळघरी मुक्काम करते. तुकोबांची पालखी आदल्या दिवशी देहूत प्रस्थान ठेवते आणि इनामदार वाड्यात थांबते. खरी वाटचाल दुसऱ्या दिवशीची. लाखो वारकऱ्यांचा इतका मोठा प्रवासही आधी उंबरा ओलांडतो, मग थोडं थांबतो. आळंदीत प्रस्थानाच्या वेळी कळस हलतो, तीच माउलींची निघण्याची आज्ञा, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. म्हणजे भागवत धर्मानं शकुन अजिबात टाकलेला नाही. पण तो फक्त ‘नीघ’ म्हणतो, कुणाला अडवत नाही. तुकोबांनी तर एका अभंगात सरळ सांगून टाकलं आहे की मनात देवाचं चिंतन असणं हाच शकुन, आणि ते असेल तर वेगळा शकुन शोधायला नको.

अपशकुनाचा अर्थच फिरवून टाकण्याचीही एक रीत मराठी इतिहासात आहे. राजाराम महाराज 24 फेब्रुवारी 1670 रोजी जन्मले ते पालथे. अशा जन्माला लोक वाईट मानत. सभासदाच्या बखरीत, जी 1697 ची आहे, सांगितलं आहे की शिवाजी महाराजांनी तिथल्या तिथं या घटनेचा अर्थ लावला: हा मुलगा दिल्लीची पातशाही पालथी घालील. प्रसंग असाच घडला की बखरकारानं तो रंगवला, हा इतिहासकारांचा विषय. पण ज्या समाजात ही गोष्ट सांगितली आणि मनापासून ऐकली गेली, त्याला अपशकुन ही दगडावरची रेघ वाटत नव्हती, एवढं तिच्यावरून नक्की कळतं.

उमरखेडहून फार लांब नसलेल्या माहूरगडाची आठवण इथं यावीच. दत्तसंप्रदायाची धारणा अशी की दत्तात्रेय रोज काशीला स्नान करतात, कोल्हापुरात भिक्षा मागतात आणि झोपायला माहूरला येतात. रोज शेकडो कोस जाणारा-येणारा देव! त्याच्या कथांत कुत्री त्याच्या पायाशी असतात, आणि ज्या कुत्र्याच्या रडण्याला गाव घाबरतं त्याच प्राण्याला या देवानं सोबत घेतलं आहे. माहूरच्या पंचक्रोशीत राहणाऱ्यांनी एवढं तरी मनावर घ्यायला हरकत नाही.

या प्रश्नाचं सगळ्यांत समंजस उत्तर मात्र बौद्ध परंपरेत सापडतं, आणि योगायोगानं तेही शिंकेवरच आहे. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात आणि जातककथांत हा प्रसंग येतो. बुद्ध उपदेश करत असताना त्यांना शिंक आली. भिक्खूंनी मोठ्यानं ‘चिरंजीव व्हा’ असा गलका केला आणि उपदेश थांबला. बुद्धांनी विचारलं की शिंकणाऱ्याला असं म्हटल्यानं तो जास्त जगतो का, आणि न म्हटल्यानं मरतो का? भिक्खू म्हणाले, नाही. तेव्हा बुद्धांनी असं म्हणायला मनाई केली. इथवर गोष्ट कुठल्याही बुद्धिवाद्याला आवडेल अशीच आहे. पण ती पुढे जाते. गावातली माणसं भिक्खूंना शिंक आल्यावर शुभ बोलायची आणि भिक्खू गप्प राहायचे. लोकांना ते लागलं. हे कळल्यावर बुद्धांनी नियम सैल केला. गृहस्थांना मंगल बोललेलं आवडतं, तेव्हा त्यांनी शुभ चिंतलं तर उलट शुभ चिंतावं.

शिंकेनं आयुष्य कमी होत नाही हे आधी ठामपणे सांगितलं. मग माणसांच्या मायेला जागा दिली. क्रम महत्त्वाचा आहे. ज्या विदर्भात 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला धम्मदीक्षा झाली, तिथं ही गोष्ट घरोघरी सांगितली जायला हवी. आजीचं घोटभर पाणी याच दुसऱ्या भागात बसतं. घरी राहणाऱ्याच्या हातात रस्ता नसतो, ड्रायव्हर नसतो, पाऊस नसतो. निघणाऱ्याच्या तळहातावर चमचाभर दही ठेवणं एवढंच त्याच्या हातात असतं. ते काढून घेतलं तर काळजी तेवढीच उरेल, आणि ती कुठं ठेवायची हे त्या माणसाला कळणार नाही.

गडबड होते ती दही आणि दैव यांची अदलाबदल केल्यानं. गीतेच्या अठराव्या अध्यायात कुठल्याही कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: ते जिथं घडतं ते अधिष्ठान, करणारा कर्ता, त्याची साधनं, त्याच्या नाना चेष्टा म्हणजे हालचाली, आणि पाचवं दैव. दैव शेवटी येतं, आधीच्या चारांचा हिशोब झाल्यावर. आणि शंकराचार्यांनी भाष्यात त्या दैवाचा अर्थ केला आहे तो डोळ्यांसारख्या इंद्रियांना बळ देणाऱ्या सूर्यादी देवता असा. म्हणजे ज्या शक्तीमुळे डोळ्याला दिसतं, ती. दैवावर भार टाकून डोळे मिटायला गीता सांगत नाही.

28 सप्टेंबर 2021 च्या सकाळी उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावर नांदेडहून नागपूरला निघालेली एसटी पुराच्या पाण्यात वाहून गेली. ‘गुलाब’ चक्रीवादळाच्या उरलेल्या पावसानं त्या दिवसांत मराठवाडा आणि विदर्भ झोडपून काढला होता. चौघांचे प्राण गेले. त्या घरांमध्ये सकाळी कुणी शिंकलं होतं का, असं विचारणं क्रूर आहे, आणि गीतेची पाच कारणं समोर ठेवली तर ते चूकही आहे. विचारायचं ते हे: पुलाची उंची किती होती, पाणी किती वर आलं होतं, रस्ता अडवायला तिथं कोण उभं होतं, गाडी पुढे न्यायची की नाही हे ठरवायचा अधिकार आणि निवांतपणा कुणाला होता. अधिष्ठान, कर्ता, साधन, चेष्टा. या चारांची उत्तरं मिळाल्याशिवाय पाचव्याचं नाव घेणं हा देवावरही आरोप आहे.

आणि या सगळ्यात ज्या माणसाबद्दल सर्वांत कमी बोललं जातं, ते दाराच्या आड उभं असतं. निघताना समोर सवाष्ण यावी, पाण्याची भरली घागर यावी, विधवा येऊ नये. हा शकुन मांजराच्या शकुनासारखा निरुपद्रवी नाही. यानं एका जित्या बाईला स्वतःच्या घरात, स्वतःचा मुलगा नोकरीला निघालेला असताना, स्वयंपाकघरात थांबायला लावलं. शकुन निरोप्या आहे हे शास्त्राचं म्हणणं खरं मानलं, तरी एका आईला वाईट निरोप ठरवण्याचा अधिकार कुणाला येतो? ज्या समाजानं बाईच्या येण्याजाण्यावर असा शिक्का मारला, त्याचा धर्म तिथं अडला, मग तो देवळात कितीही मोठ्यानं घंटा वाजवो.

या नियमानं एक गोष्ट न बोलता गृहीत धरली होती: निघणारा पुरुष आणि दारात उभी बाई. यवतमाळ जिल्ह्यात हे गृहीत कधीचंच मोडलं आहे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी इथल्या कितीतरी घरांतला कर्ता पुरुष नेला, आणि सकाळी कामाला निघणारी व्यक्ती त्याची बायकोच आहे. कुणी अंगणवाडीत, कुणी आशा म्हणून, कुणी दवाखान्यात, कुणी शाळेच्या खिचडीवर, कुणी दुसऱ्याच्या शेतात. 17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, आणि कामाला जाणं तेवढं परवडू लागलं. विधवा समोर आली की प्रवास बिघडतो असं धरलं, तर प्रवासाला निघालेल्या विधवेनं काय करायचं? तिला तर आरशातही तोच अपशकुन दिसणार. शकुनाच्या सगळ्या पोथ्यांत या प्रश्नाला उत्तर नाही, कारण ती निघेल असं कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं 4 मे 2022 ला ठराव केला की नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं या प्रथा बंद. त्याच महिन्यात 17 तारखेला राज्य शासनानं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही असंच करायला सांगितलं. ग्रामसभेत हात वर करून हे होऊ शकतं, आणि काही गावांत ते झालंही. सकाळी सहाला दारात कुणी उभं राहायचं, तळहातावर दही कुणी ठेवायचं, हे मात्र कुठल्या ठरावात येत नाही. विधवा सासूनं विधवा सुनेच्या हातावर दही ठेवायचं आणि ‘पुलावर पाणी असलं तं उतरून जाजो, थांबजो’ असं बजावायचं, याला शासनाची मंजुरी लागत नाही, भटजींचीही नाही. उद्या सकाळची पहिली गाडी सुटायच्या आत ते करता येईल.