देणाऱ्याचा हात, घेणाऱ्याची मान

गरजू माणूस दारी आला की आपण खिशात हात घालतो. दिले की आपले मन हलके होते. पण घेणाऱ्याचे काय? त्याची मान ताठ राहते की खाली जाते? शंभर वर्षांपूर्वी न्यूयॉर्कमधल्या यहुदी समाजापुढे हाच प्रश्न उभा राहिला होता.

१८८१ ते १९१४ या काळात छळ आणि दारिद्र्याला कंटाळून पूर्व युरोपातून सुमारे २० लाख यहुदी अमेरिकेत आले. त्यांतले पुष्कळ जण न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड या वस्तीत दाटीवाटीने राहू लागले. आधी येऊन स्थिरावलेल्या त्यांच्या धर्मबांधवांनी इस्पितळे, अनाथाश्रम व मदतसंस्था चालवल्या. मदत खऱ्या गरजूलाच मिळावी म्हणून घरी जाऊन चौकशी होई. हेतू चांगला होता, तरी ती चौकशी गरिबाला बोचे.

त्याच वस्तीत १८९२ साली काही जणांनी ९५ डॉलर जमवून 'हिब्रू फ्री लोन सोसायटी' स्थापन केली. ती दान देत नसे, बिनव्याजी कर्ज देई. ओळखीच्या माणसाने जामीन राहायचे आणि कर्ज हप्त्याहप्त्याने फेडायचे. त्यातून कुणी फेरीसाठी माल घेई, कुणी शिलाई यंत्र. कर्ज देताना धर्म पाहिला जात नसे. परत आलेला पैसा पुढच्या गरजूकडे जाई. म्हणजे काल मदत घेणारा आज, नकळत, मदत देणारा होई. ही संस्था आजही चालू आहे.

ही कल्पना नवी नव्हती. गरिबाला दिलेल्या पैशावर व्याज घेऊ नये, हा नियम निर्गमच्या २२ व्या अध्यायात आहे. तोच ग्रंथ आपलाही आहे. बाराव्या शतकातील यहुदी विद्वान मायमोनिदीस यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. कुरकुरत देणे ही सर्वांत खालची. देणारा व घेणारा एकमेकांस ठाऊक नसणे ही सातवी. आणि सर्वांत वरची कोणती? माणसाला पुन्हा हात पसरावा लागू नये म्हणून त्याला कर्ज देणे, धंद्यात भागीदार करणे किंवा काम मिळवून देणे. दानासाठी हिब्रू भाषेत असलेला 'त्सदाका' हा शब्दही दयेवरून नव्हे, तर न्यायावरून आला आहे.

मग फुकट देणे चुकीचे का? तसे नाही. आजारी माणूस, तान्ह्या मुलांची विधवा, थकलेला वृद्ध यांना कर्ज देणे म्हणजे त्यांच्या ओझ्यात भर घालणे. त्याच वस्तीत १८९३ पासून घरोघरी जाऊन रुग्णसेवा करणाऱ्या लिलियन वॉल्ड या यहुदी परिचारिकेने मधला मार्ग काढला. ज्याला जमेल त्याने थोडी फी द्यावी. ज्याला जमत नाही त्याची सेवा विनामूल्य, पण तितक्याच आदराने व्हावी. ती स्वतः त्याच वस्तीत राहायला गेली होती, म्हणून कुणाला काय जमेल हे तिला कळत होते.

तेव्हा किती दिले, एवढाच हिशेब पुरेसा नाही. आपल्या मदतीनंतर तो माणूस आपल्याला रस्त्यात भेटला, तर नजर चुकवतो की हसून थांबतो? आपल्या दानाची खरी पावती तीच आहे.