राखेने घासलेला रुपया

आमच्या देवघरात चांदीचा एक रुपया आहे, राणी व्हिक्टोरियाच्या छापाचा. माझ्या आजीला तो तिच्या सासूने दिला, आजीने आईला दिला आणि आई गेल्यावर तो आमच्याकडे आला. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी तो ताम्हनात घ्यायचा, राखेने घासायचा, धुऊन पुसायचा, हळदकुंकू वाहायचे आणि पूजा झाली की वर्षभरासाठी परत डबीत, असा रिवाज. चुली गेल्या, राख मिळेना, तेव्हा आई दंतमंजन वापरू लागली. राणीचे नाक आता दिसत नाही. सालही वाचता येत नाही.

गेल्या वर्षी आषाढी करून मी घरी परतलो तेव्हा भाचा भेटायला आला होता. तो पुण्यात नोकरी करतो आणि जुनी नाणी जमवतो. त्याने आमचा रुपया दोन बोटांनी कडेला धरून उजेडात फिरवला आणि विचारले, "मामा, हा कुणी घासला?"

"तुझ्या आजीने. तिच्या आधी तुझ्या पणजीने."

"मग याची किंमत संपली," तो म्हणाला.

मुलगा सहज बोलला, पण मला ते लागले. ज्या हातांनी त्या रुपयाची पूजा केली त्यांनीच तो बिघडवला, असा त्याचा अर्थ होत होता. मी जरा रागानेच म्हणालो, की मग सांग तुमच्या जगात किंमत कशाला असते. त्याने सांगितले, आणि त्या दिवसापासून तो विषय माझ्या डोक्यातून जात नाही.

माउली, त्या जगाची रीत अशी. नाणे आधी पारख्यांकडे पाठवायचे. अमेरिकेत यासाठी मोठ्या कंपन्या आहेत. १९८५ नंतर हा धंदा तिथे उभा राहिला आणि आता आपल्याकडचे संग्राहकही तिकडे नाणी पाठवतात. पारखी ते भिंगाखाली पाहतात, १ ते ७० यांतला एक आकडा देतात आणि नाणे पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत कायमचे बंद करतात. बाजारात फिरून झिजलेल्या नाण्याला आकडा ६० च्या खालचा. व्यवहारात कधी गेलेच नाही, त्याला ६० आणि वर. घासलेल्याला साधा आकडाही मिळत नाही. नाणे खरे आहे पण साफ केलेले आहे, एवढाच शेरा. ६६ आणि ६७ यांतला फरक तुमच्याआमच्या डोळ्यांना दिसणार नाही, पण लिलावात तेवढ्यावरून किंमत दुप्पट-तिप्पट होऊ शकते.

हे ७० कुठून आले, असे मी विचारले. १०० का नाही? याचे उत्तर मला फार बोलके वाटले. डॉ. विल्यम शेल्डन नावाचे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी १९४९ साली तांब्याच्या जुन्या मोठ्या सेंटसाठी हे माप काढले. नाणे ओळखू येण्यापुरते उरले असेल तर ते एक डॉलरचे धरायचे. मग त्याच जातीचे अगदी कोरे नाणे सत्तर डॉलरला जाईल, असा तेव्हाच्या बाजाराचा हिशेब. म्हणजे हा आकडा जन्मला तोच भाव म्हणून. पुढे भाव कुठल्या कुठे गेले, आकडा मात्र दर्जा म्हणून राहिला. आणि पुढची गोष्ट याहून विलक्षण आहे. शेल्डन वारल्यानंतर उघड झाले, की न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातली उत्तम नाणी त्यांनी काढून घेतली होती आणि त्या जागी आपली हलकी नाणी ठेवली होती. नाण्याचा कस कसा पाहावा हे ज्याने जगाला शिकवले, त्याची ही गत. मी हे ऐकून हसलो. नंतर मात्र हसू आले याचीच लाज वाटली. लोभाने कुणाला सोडले आहे?

आता सगळ्यांत महाग नाण्याची कथा. अमेरिकेत वीस डॉलरचे सोन्याचे नाणे असे. १९३३ साली ती ४,४५,५०० पाडली गेली. पण त्याच वर्षी तिथल्या सरकारने सोन्याची नाणी चलनातून काढली, त्यामुळे ती बाहेर पडलीच नाहीत, वितळवून टाकली. थोडी चोरवाटेने टांकसाळीबाहेर गेली. सरकारने वर्षानुवर्षे त्यांचा माग काढला आणि सापडली ती जप्त केली. शेवटी बरीच कोर्टबाजी होऊन एकच नाणे खासगी माणसाने बाळगावे असे ठरले. २००२ साली न्यूयॉर्कला त्याचा लिलाव झाला, ७५ लाख ९० हजार डॉलरला. त्या वेळी वीस डॉलर वेगळे सरकारजमा करावे लागले. का, तर ते नाणे सरकारी हिशेबात कधी चलन म्हणून बाहेर पडलेच नव्हते! वीस डॉलर भरल्यावर ते कायद्याने नाणे झाले. २०२१ साली ते पुन्हा विकले गेले, १ कोटी ८८ लाख डॉलरला. त्यातले सोने नुसते तोलून विकले असते तर तेव्हा दोन हजार डॉलरही आले नसते.

मी भाच्याला म्हणालो, "अरे, नाण्याचा धर्म काय? या हातातून त्या हातात जाणे. कुणाचे पीठ, कुणाचे मीठ, कुणाचे औषध होणे. ज्याने ते कधीच केले नाही त्याला तुम्ही कोट्यवधी देता, आणि जे लोकांसाठी झिजले त्याला म्हणता संपले."

तो शांतपणे म्हणाला, "मामा, कुणीच जपले नसते तर सगळी वितळली असती. शिवराईचे तांबे वितळवून लोकांनी भांडी केली. उरल्या त्या कुणीतरी ठेवल्या म्हणून. त्यावरची अक्षरे आज आपण वाचतो ती त्या कुणाच्या तरी हौसेमुळे."

हे खरे होते. मला उत्तर सुचले नाही. सगळेच खर्चून टाकले असते तर आपल्या हाती काय राहिले असते? पोथ्यासुद्धा कुणीतरी कापडात गुंडाळून ठेवल्या, म्हणूनच मिळाल्या ना.

पुढे श्रावणात त्याने मला एका लिलावाला बसवले. तो संगणकावर होता. हातोडा नाही, गर्दी नाही. त्याला हवा होता १९११ चा रुपया. पंचम जॉर्ज बादशहाच्या अंगावरच्या माळेत हत्तीचे चिन्ह होते, ते असे कोरले गेले की लोकांना डुक्कर वाटले. ओरड झाली, बहुतेक रुपये परत वितळवले आणि १९१२ पासून हत्ती नीट कोरला. चूक झाली आणि ती झाकली गेली, म्हणून आज त्याला मोल.

भाच्याने आधीच कागदावर लिहून ठेवले होते : चाळीस हजार, त्याच्यावर जायचे नाही. बोली पस्तीसवर गेली, अडतीसवर गेली, चाळीस झाली. समोर कोण होता, माहीत नाही. त्याचे नाव नाही, तोंड नाही, फक्त आकडा. भाच्याचे बोट थांबले आणि परत पडले. बेचाळीस. पंचेचाळीस. तो आता रुपयाकडे पाहतच नव्हता, त्या दुसऱ्याकडे पाहत होता. मीही, सांगायला हरकत नाही, खुर्चीच्या कडेवर आलो होतो. "दे अजून एक," हे माझ्याच तोंडून निघाले. गळ्यात तुळशीची माळ, आणि मी हे म्हणतोय! अठ्ठावन्नला त्याला मिळाला. वरून लिलाववाल्याचे कमिशन आणि कर. जिंकल्यावर तो दोन मिनिटे काही बोलला नाही. मग म्हणाला, "समोरच्याने एक बोली आधी सोडली असती तर मला कमीत मिळाला असता." म्हणजे तो भाव त्याने ठरवला नव्हता. त्याच्या इतकीच हाव असलेल्या अनोळखी माणसाने ठरवला होता.

मग रुपयात होते काय? अमेरिकेतल्याच १९१३ च्या पाच सेंटच्या नाण्याची हकिकत त्याने त्या रात्री सांगितली. अशी पाचच नाणी माहीत आहेत. त्यातले एक बाळगणारा संग्राहक १९६२ साली मोटार अपघातात गेला. पारख्यांनी ते खोटे ठरवले आणि घरच्यांना परत दिले. बहिणीने ते पाकिटात घालून कपाटात ठेवले. चाळीस वर्षांनी, २००३ साली, उरलेली चार शेजारी ठेवून पाहिले, तर ते खरे निघाले. २०१३ साली ३१ लाख ७२ हजार डॉलरला गेले. चाळीस वर्षे कपाटात त्या धातूचा एक कणही बदलला नव्हता. त्या बहिणीने ते तरीही टाकले नाही; भावाची वस्तू म्हणून ठेवले. मला या सगळ्या लिलावकथांत तीच बाई जवळची वाटते.

भाच्याला मी लोभी म्हणायला निघालो होतो, पण त्या रात्री झोप लागेना, कारण माझीच एक सवय आठवली. दिंडीत नवा माणूस भेटला की मी विचारतो, "कितवी वारी?" तो म्हणतो, तिसरी. मी सांगतो, एकतिसावी. सांगताना आवाज थोडा वर जातो. समोरच्याची चाळिसावी निघाली की तो खाली येतो. आमच्या दिंडीतली एक म्हातारी आहे, वर्षानुवर्षे चालते, मोजत नाही. विचारले तर म्हणते, "येते बाबा, जमेल तशी." तिला कुठला आकडा द्यावा?

दिवाळीला भाचा बायको-मुलीसह आला. लक्ष्मीपूजनात आपला नवा रुपया ठेवावा अशी त्याची इच्छा. हिने त्याला हळदकुंकू वाहिले, ते प्लास्टिकवरून घरंगळले आणि आकडा लिहिलेल्या चिठ्ठीवर डबीच्या फटीत जाऊन बसले. तो घाईघाईने रुमालाने पुसू लागला. हिने विचारले, "हा वाजतो का रे?" त्याने मान हलवली.

तेवढ्यात त्याच्या तीन वर्षांच्या मुलीने ताम्हनातला आमचा ओला रुपया मुठीत घेतला. "अगं, कडेने धर!" तो ओरडला. ती दचकली, रुपया फरशीवर पडला आणि खणखणत कपाटाखाली गेला. भाचा पोटावर आडवा होऊन हात घालून तो शोधू लागला, आणि तिथूनच त्याच्या हसण्याचा आवाज आला.