लोवेलची घंटा, लुइझियानाचा काटा

अमेरिकेच्या दक्षिणेत कापसाच्या मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांना अंगावर घालायला जे जाडेभरडे कापड मिळे, त्याला ते ‘लोवेल’ म्हणत. लोवेल हे दूर उत्तरेला, मॅसॅच्युसेट्समधले गिरण्यांचे गाव. तिथे साच्यावर उभ्या राहणाऱ्या मुली न्यू इंग्लंडच्या शेतकऱ्यांच्या लेकी होत्या. स्वतंत्र, लिहितावाचता येणाऱ्या, महिन्याला रोख पगार घेणाऱ्या. त्या विणत ते सूत गुलामांनी वेचलेल्या कापसाचे. कापूस उत्तरेला जाई, कापड होऊन दक्षिणेला परत येई आणि वेचणाऱ्याच्याच पाठीवर चढे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली अमेरिका समजून घ्यायची तर या फेऱ्याच्या मागे जावे, असे मला वाटते.

एरवी सांगितली जाणारी गोष्ट सरळ असते. उत्तरेकडे यंत्रे, कालवे, आगगाड्या, मजुरी आली; दक्षिण मात्र गुलामगिरीच्या जुनाट व्यवस्थेत रुतून राहिली आणि अखेर नव्याने जुन्याला युद्धात हरवले. ही मांडणी मला पटत नाही. १७९० साली अमेरिकेत सुमारे सात लाख गुलाम होते. १८६० साली जवळजवळ चाळीस लाख. मोडकळीला आलेली प्रथा अशी वाढत नाही. ती वाढली, कारण नव्या अर्थव्यवस्थेला ती हवी होती.

आधी लोवेल पाहू. बोस्टनचा व्यापारी फ्रान्सिस कॅबट लोवेल १८१० ते १८१२ या काळात इंग्लंडमध्ये होता. यंत्रमागाचे नकाशे देशाबाहेर नेण्यावर तिथे बंदी होती, म्हणून त्याने गिरण्या पाहून रचना डोक्यात साठवली. परतल्यावर पॉल मूडी या कारागिराच्या मदतीने वॉल्थमला त्याने गिरणी काढली आणि कापूस आत, कापड बाहेर, असे सगळे काम एका छताखाली आणले. १८१७ साली तो वारला. त्याच्या भागीदारांनी मेरिमॅक नदीच्या धबधब्यापाशी त्याच्या नावाने गाव वसवले. १८२३ साली तिथली चाके फिरू लागली.

मालकांनी कामाला मुली घेतल्या. घरच्यांचा विश्वास बसावा म्हणून कंपनीने वसतिगृहे बांधली, ती चालवायला विधवा बायका नेमल्या, रात्री दहाला दार बंद, रविवारी चर्च सक्तीचे. आपल्या गिरणगावातल्या खानावळवाल्या बायका आठवाव्यात अशीच ही व्यवस्था, फक्त वर कंपनीचा शिस्तीचा पहारा. पहाटे घंटा, न्याहारीला घंटा, परत कामावर घंटा, सुटीची घंटा. दिवसाला बारा-तेरा तास काम, आठवड्याचे सहा दिवस. हवा दमट राहावी, सूत तुटू नये म्हणून खिडक्या बंद. आठवड्याला साधारण तीन डॉलर सुटत, त्यातले सव्वा डॉलर जेवणाखाणाचे कापून जात.

तरीही मुली येत राहिल्या, आणि ही गोष्ट हलक्यात घेऊ नये. शेतावर त्या आयुष्यभर राबल्या असत्या आणि हातात दमडी आली नसती. लोवेलमध्ये त्यांच्या नावावर बचत जमू लागली. कुणी भावाचे शिक्षण केले, कुणी बापाची गहाण जमीन सोडवली. त्या व्याख्यानांना जात, स्वतः लिहून ‘लोवेल ऑफरिंग’ नावाचे मासिक चालवत. चार्ल्स सेलर्स या इतिहासकाराच्या मते बाजारपेठ ही सामान्य अमेरिकनांच्या जगण्यावरची चाल होती. डॅनियल वॉकर हाऊ म्हणतो, लोकांनी ती आपणहून जवळ केली. लोवेलच्या मुलींकडे पाहिले की दोघेही अर्धे बरोबर वाटतात. त्या आपणहून आल्या आणि आल्यावर भांडल्या.

१८३४ च्या फेब्रुवारीत मजुरी पंधरा टक्क्यांनी उतरणार अशी सूचना लागली, तेव्हा सुमारे आठशे जणी काम सोडून बाहेर पडल्या. १८३६ साली वसतिगृहाचा खर्च वाढवला गेला, तेव्हा त्याहून जास्त. हॅरिएट हॅन्सन तेव्हा अकरा वर्षांची होती. तिच्या खात्यातल्या मोठ्या मुली जावे की न जावे म्हणून घुटमळत होत्या. ही पोर म्हणाली, तुम्ही या किंवा राहा, मी चालले. ती निघाली आणि मागून सगळी रांग निघाली. तिची आई विधवा, कंपनीचे वसतिगृह चालवणारी. लेकीला आवरता आले नाही म्हणून कंपनीने आईचे काम काढून घेतले. पुढे १८४५ साली सारा बॅगली आणि तिच्या सोबतिणींनी दहा तासांच्या दिवसासाठी हजारो सह्या गोळा केल्या आणि विधिमंडळाच्या समितीपुढे साक्षी दिल्या. गाऱ्हाणे खोटे नाही हे समितीने मान्य केले, पण तासांचा कायदा करणे हे आमचे काम नव्हे, असे सांगून ती मोकळी झाली.

या संपांत मुलींनी एक शब्द पुन्हा पुन्हा वापरला: गुलाम. आम्ही गुलाम होणार नाही, आम्ही स्वतंत्र माणसांच्या लेकी आहोत. त्यांचा संताप खरा होता. पण ज्यांच्याशी तुलना करून त्या स्वतःला स्वतंत्र म्हणत, त्यांच्याच हातचा कापूस त्यांच्या साच्यावर होता.

तो तिथवर आला कसा? दक्षिणेच्या आतल्या भागात पिकणारा कापूस आखूड धाग्याचा, सरकीला घट्ट चिकटलेला. हाताने सरकी काढायची तर दिवसभरात रत्तलभर रुई निघायची मुश्कील. १७९३ साली जॉर्जियात एली व्हिटनीने दातेरी जिन बनवला आणि हे काम कित्येक पट वेगाने होऊ लागले. यंत्राने मनुष्यबळ वाचते, असा आपला समज. इथे सरकी काढण्याचे कष्ट वाचले आणि पेरणी, खुरपणी, वेचणीचे अफाट वाढले. त्यासाठी जमीन हवी होती आणि माणसे.

जमीन मूळ रहिवाशांची होती. १८३० साली त्यांना हुसकावण्याचा कायदा झाला. त्यांतल्या चेरोकी लोकांनी न्यायालयात दाद मागितली. त्यांची बाजू घेतली म्हणून सॅम्युएल वुस्टर हा मिशनरी जॉर्जियाच्या तुरुंगात गेला आणि १८३२ साली सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या विरोधात निकाल दिला. निकाल कागदावर राहिला. १८३८-३९ मध्ये सुमारे सोळा हजार चेरोकींना पश्चिमेला हाकलण्यात आले. त्यात चारेक हजार दगावले असा अंदाज आहे.

माणसे देशातूनच आणली. १८०८ पासून आफ्रिकेतून गुलाम आणण्यावर बंदी होती, म्हणून व्हर्जिनिया-मेरीलँडचे मालक आपले गुलाम दक्षिणेला विकू लागले. यादवी युद्धापर्यंत अशी सुमारे दहा लाख माणसे हलवली गेली, मुले आयांपासून तुटली. या खरेदीसाठी कर्ज लागे आणि कर्जाला तारण म्हणून गुलामच चालत. लुइझियानात मळेवाल्यांनी १८२७ साली एक बँक काढली. जमिनी आणि गुलाम गहाण, त्यावर रोखे, रोख्यांना राज्य सरकारची हमी आणि ते लंडनमध्ये बेरिंग ब्रदर्स या पेढीमार्फत विक्रीला. ज्या युरोपीय गुंतवणूकदाराने आयुष्यात गुलाम पाहिला नव्हता, त्याचेही व्याज त्या माणसाच्या देहातून येत होते. याला जुनाट म्हणायचे तर आधुनिक कशाला म्हणायचे?

या दोन्ही जगांतून गेलेला एक माणूस आहे. सॉलोमन नॉर्थप हा न्यूयॉर्क राज्यातला जन्माने स्वतंत्र कृष्णवर्णीय. त्या राज्यात ईरी कालव्याने तेव्हा उलथापालथ केली होती: १८२५ साली पुरा झालेला ३६३ मैलांचा पाणरस्ता, ज्याने बफेलोहून न्यूयॉर्कला टनामागे शंभर डॉलर पडणारी वाहतूक दहाच्या आत आणली. नॉर्थपने शेजारच्या शँप्लेन कालव्याच्या दुरुस्तीवर मजुरी केली, लाकडाचे तराफे नेले, साराटोगाच्या हॉटेलांच्या हंगामात व्हायोलिन वाजवले. बायको स्वयंपाक करी. नव्या बाजारपेठेत हातपाय हलवून पोट भरणारे घर. १८४१ साली दोघांनी त्याला सर्कशीत वाजवायच्या कामाचे आमिष दाखवून वॉशिंग्टनला नेले आणि विकले. त्याला कोंडले तिथून संसदेची इमारत दिसत होती.

पुढली बारा वर्षे लुइझियानात. १८५३ साली सुटल्यावर त्याने पुस्तक लिहिले. त्यातला काट्याचा प्रसंग वाचताना अंगावर काटा येतो. अंधार पडल्यावर जो तो आपली टोपली घेऊन जिनघराकडे जाई, भीत भीत. रोजचा आकडा दोनशे रत्तल. कमी भरले तर फटके. दहा-वीस रत्तल जास्त भरले, तर उद्यापासून त्याचा आकडा तेवढ्याने वाढला. म्हणजे दमलेल्या माणसाला कमी भरण्याची भीती आणि जास्त भरण्याचीही. नॉर्थपचे पहिल्या दिवशी पंचाण्णवच भरले.

माणशी वेचणी एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या साठ वर्षांत सुमारे चौपट झाली. इतिहासकार एडवर्ड बॅप्टिस्ट याचे श्रेय चाबकाला देतो. ऑल्मस्टेड आणि ऱ्होड हे अर्थतज्ज्ञ सांगतात, मिसिसिपीत निपजलेल्या नव्या बियाण्याची बोंडे वेचायला सोपी होती. आकडेवारीत दुसरी बाजू मला भक्कम वाटते. पण सुधारलेल्या बियाण्याचा एका रत्तलाचाही नफा वेचणाऱ्याला मिळाला नाही, तो काट्याने काढून घेतला. लोवेलची घंटा वेळ मोजत होती, हा काटा वजन. दोन्हींचा आकडा अखेर त्याच व्यापाऱ्यांच्या वहीत उतरत होता. १८४८ साली गुलामगिरीविरोधी पुढारी चार्ल्स समनर याने चाबकाचे सरदार आणि मागाचे सरदार यांची युती आहे, असे मॅसॅच्युसेट्समध्येच उघड सांगितले.

या जमाखर्चाला विरोधही याच उलथापालथीतून उगवला. ईरी कालव्याने वाढवलेले रॉचेस्टर हे गाव १८३०-३१ च्या हिवाळ्यात, धर्मजागृतीच्या लाटेत, चार्ल्स फिनीच्या प्रवचनांनी ढवळून निघाले. गुलामीतून पळून आलेल्या फ्रेडरिक डग्लसने १८४७ साली तिथूनच आपले वृत्तपत्र काढले. त्याच धर्मजागृतीतून १८१० साली निघालेल्या अमेरिकन बोर्ड या संस्थेचे मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले. तुरुंगात गेलेला वुस्टर याच बोर्डाचा. १८२७ साली बोर्डाने सिंथिया फरार यांना मुंबईला मुलींच्या शाळांसाठी पाठवले. पुढे त्यांनी अहमदनगरला शाळा चालवली आणि ती पाहून जोतीराव फुले प्रभावित झाल्याचे चरित्रकार सांगतात. १८७३ साली फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. असे लोक होते आणि त्यांनी किंमत मोजली होती.

गिरणीमालक त्यांत नव्हते. युद्धाने दक्षिणेचा कापूस अडला, मुंबईत रुईच्या भावाने लोक लक्षाधीश होऊ लागले, तेव्हा लोवेलच्या बड्या कंपन्यांनी साठवलेल्या कापसाचे कापड केले नाही. भाव चढलेला पाहून त्यांनी तो कच्चाच विकला, साचे थांबवले आणि हजारो कामगारांना घरी बसवले.